सतरा पत्रं, अडीच हजार चिठ्ठ्या

पोलादपूरच्या स्टँडवर दोन तास झाले, महाडची गाडी आली नव्हती. आंबेनळी घाटात दरड आली होती म्हणे. ऑगस्टमधला शनिवार. पत्र्यावर पाऊस सकाळपासून एकाच सुरात वाजत होता... शेवंताला मात्र तो ऐकू येत नव्हता. तिच्या मांडीवर मस्कतहून आलेलं पत्र होतं, निळसर पातळ कागदाची दोन पानं.

"तुम्ही... पानाच्या पुढं वाचताय."

तिनं दचकून मान वर केली. समोरच्या बाकावर एक चष्मेवाला तरुण बसला होता. पायाशी पुस्तकांचं खोकं. पत्रा गळत होता, म्हणून त्यानं छत्री उघडून खोक्यावर धरली होती. त्याचा स्वतःचा खांदा भिजत होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

"काय म्हणालात?"

"नाही... माफ करा. तुम्ही पुटपुटत वाचत होता. पान संपलं, पण तुमचे ओठ थांबले नाहीत. पान तुम्ही मागाहून उलटलंत."

"स्टँडवर बसून बायकांचे ओठ बघता होय?"

त्याचे कान लाल झाले. "गाडीला उशीर होता, म्हणून..."

"म्हणजे गाडी वेळेवर आली असती तर बघितलं नसतं?"

तो प्रामाणिकपणे विचारात पडला. "बघितलं असतं बहुतेक," तो म्हणाला. आणि शेवंताला, रागवायचं ठरवलेलं असूनही, हसू आलं.

"आधी वाचलेलं पत्र असेल," तो म्हणाला.

"छे. सकाळी पोस्टमननं शाळेत आणून दिलं, आत्ताच उघडलं." ती पोलादपूरच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. "माणसाची नीट ओळख असली, की तो पुढं काय म्हणणार ते आपोआप कळतं."

"असेल. मला पुस्तकांचाच अनुभव आहे. मी सदानंद हाटे. महाडच्या वाचनालयात असतो."

ती पुन्हा पत्राकडं वळली, पण आता तिला वाचता येईना. पहिल्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: तुडीलच्या डोहात म्हशी उतरल्या की पाणी... आणि पान न उलटताच ती म्हणाली होती: कसं हळूच वर चढायचं, तसं इथं संध्याकाळी मन भरून येतं. अक्षरन् अक्षर तसंच पुढच्या पानावर होतं.

ओळख असली म्हणून एवढं कळतं?

गाडी आली. चढताना तो मागून हळूच म्हणाला, "पुन्हा असं झालं तर या वाचनालयात. कुठलं वाक्य आधी कुठं आलंय ते शोधायची एक रीत आहे माझ्याकडं."

"मी माझी पत्रं अनोळखी माणसाला दाखवीन असं वाटतं तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. "पण मी असतो तिथं."

*

तुडीलला पोचेपर्यंत चार वाजले. रामजीबाबा ओट्यावर तिची वाट बघत होते.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाशी, दत्तारामशी, शेवंताचा साखरपुडा झाला होता. महिन्याभरातच दत्ताराम मस्कतला गेला, बांधकामावर. दोन वर्षांनी येऊन लग्न करायचं ठरलं होतं. दोनाची तीन झाली, आता चौथं चाललं होतं. साखरपुड्यानंतर दोघं तीनदा भेटले होते, तेही चारचौघांत. तिची त्याच्याशी जी काय ओळख होती ती पत्रांतूनच. आणि तीही दुसऱ्याच्या अक्षरात, कारण दत्ताराम दुसरीतून शाळा सोडलेला. तो सांगे आणि त्याच्या खोलीतला चांगू नावाचा माणगावकडचा दोस्त लिहून घेई. इकडं रामजीबाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र शेवंताच्या शाळेवर येई आणि ती तुडीलला येऊन वाचून दाखवी. उत्तरही तीच लिही.

"वाच गो पोरी. जरा मोठ्यानं वाच."

ती वाचू लागली. म्हशी, डोह, इथली उन्हं. मग: "बैलाच्या खुराला चुना लावायला बाबांना सांग, आणि पाण्यात फार वेळ उभा करू नका म्हणावं."

"ह्याच्या मायला ह्याच्या!" रामजीबाबा खूश होऊन ओरडले. "बैल इकून वरीस व्हून गेला. दोनदा कळवला त्याला. तरी पुन्ना खूर नि चुना! ध्यान हाय काय ह्याचा बापाच्या बोलन्याकडं?"

"पत्रं वाटेत अडकत असतील, बाबा."

"तसाच असल. लांबचा पल्ला हाय. लई जीव हुता त्याचा बैलावर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो म्हशींचा पुन्ना वाच."

तिनं वाचलं. कागदाकडं न बघता वाचलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, म्हणून त्यांना ते दिसलं नाही.

*

पुढच्या शनिवारी ती सतरा पत्रं पिशवीत घालून वाचनालयात गेली. सदानंद स्टुलावरून उठला, आणि उठल्यावर काय करायचं ते न सुचून पुन्हा बसला.

"आधीच सांगते," ती म्हणाली. "माझा साखरपुडा झालाय. ही त्यांची पत्रं आहेत."

"हो," तो म्हणाला. मग पेनाचं निब पुसू लागला. "बसा, बाई."

तिनं सगळं सांगितलं. "प्रत्येक पत्र नवं असतं. पण वाचताना वाटतं, हे मी ऐकलंय. कुठलं, कुठं, ते सांगता येत नाही. एक वाक्य इथलं वाटतं, दुसरं तिथलं. मला भास होतोय का तेवढं सांगा."

"सगळी पत्रं एकापुढं एक मांडली असं समजा. एकच लांबलचक ओळ." त्यानं मनाशी हिशेब केला. "शब्द अडीच हजार. या ओळीतला कुठला तुकडा पुन्हा आलाय, ते हवंय आपल्याला."

"पहिल्या शब्दापासून धरायचं आणि पुढं शोधत जायचं."

"मीही तसंच सुरू केलं होतं. पुण्याच्या एका प्राध्यापकांसाठी जुन्या पोथीची शब्दसूची करतोय मी. पण प्रत्येक जागा दुसऱ्या प्रत्येक जागेशी ताडून बघायची तर..." त्यानं कागदावर गुणाकार केला. "एकतीस लाख वेळा बघावं लागेल."

"एवढं आयुष्य आहे तुमच्याकडं?"

"आयुष्य आहे. चष्मा टिकायचा नाही."

त्यानं जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापल्या आणि तिच्यापुढं ठेवल्या. "एका चिठ्ठीवर पहिल्या शब्दापासून नऊ शब्द. पुढच्या चिठ्ठीवर दुसऱ्या शब्दापासून नऊ. मग तिसऱ्यापासून. असं शेवटपर्यंत. कोपऱ्यात पत्राचा आकडा."

"म्हणजे तेच ते नऊ वेळा लिहायचं? वेड लागलंय का?"

"लिहिणं खूप आहे, कबूल. पण मग सगळ्या चिठ्ठ्या शब्दकोशासारख्या अक्षराच्या क्रमानं लावायच्या. ज्यांची सुरुवात सारखी, त्या आपोआप शेजारी येतात. कितीही लांबच्या पत्रांतल्या असल्या तरी. मग एकतीस लाख वेळा बघायला नको, फक्त शेजारी शेजारी बघायचं."

"अडीच हजार वेळा."

"एक कमी."

ती हसली. "सारखे असले की शेजारी येतात... असं म्हणता?"

"चिठ्ठ्या येतात."

"आणि माणसं?"

दौत कलंडली. वाचनालयात झाडू मारणाऱ्या धोंडूबाईनं मुकाट्यानं फडकं आणून दिलं आणि जाताना दोघांकडं नीट बघून घेतलं.

*

काम दीड महिना चाललं. शनिवारी अर्धा दिवस, रविवारी सकाळी. आठवडाभर तीही घरी चिठ्ठ्या लिहून आणी. पुस्तकांच्या यादीची जुनी रिकामी खणपेटी सदानंदनं पुसून काढली आणि एकेका खणावर एकेक अक्षर चिकटवलं. ती चिठ्ठ्या वाची, तो खणात लावी. कधी 'म'च्या खणात दोघांचे हात एकदम जात... आणि दोघंही एकदम मागं घेत, मग चिठ्ठी तशीच हवेत.

"काय वो सायेब," धोंडूबाई म्हणायची, "एवड्या चिठ्ठ्या लिवताय, त्यातली एक धाडा कुनाला तरी नि मोकलं व्हा!"

तो ऐकलं नाही असं दाखवी. शेवंता पदरानं घाम पुसायची, घाम नसतानाही.

एकदा तिनं विचारलं, "प्रत्येक पत्रात 'सप्रेम जयभीम, मी इकडे खुशाल आहे' असतंच की. ते तर जुळणारच."

"ते धरायचं नाही. पाच-सहा शब्द जुळले तर ती सवय. तुमची, माझी, सगळ्यांची. नऊच्या नऊ जुळले की मूळ पत्र काढायचं आणि पुढं कुठवर जुळतं ते बघायचं. माणूस तेच सांगतो, पण तस्संच सांगत नाही. एखादा शब्द तरी हलतोच."

"तुम्ही तर काहीच सांगत नाही. मग तुमचं कसं ओळखायचं?"

तो चिठ्ठीकडं बघत म्हणाला, "माझं ओळखण्यासारखं काही नाही, बाई."

ती घरी परतताना स्वतःवर चिडत असे. मस्कतला एक माणूस आपल्यासाठी उन्हात राबतोय, आणि आपण शनिवारची वाट बघतोय. मग ती दत्तारामची पत्रं आठवू लागे, म्हशींचं, डोहाचं, बैलाचं... आणि तिच्या लक्षात येई, की तो बैलाबद्दल जेवढं बोलतो तेवढं तिच्याबद्दल बोलत नाही. हेही पूर्वी तिला गोड वाटलेलं होतं.

शेवटचे चार खण राहिले तेव्हा शाळेत परीक्षा आल्या आणि ती एक शनिवार-रविवार येऊ शकली नाही.

त्यानंतर आली तेव्हा खणपेटी जागेवर नव्हती. चिठ्ठ्या सुतळीनं बांधून टेबलाखाली ठेवलेल्या. सदानंद पुस्तकांच्या पाठी पुसत होता. वळला नाही.

"झालं?"

"झालं. काही... विशेष नाही, बाई. सवयीचीच वाक्यं. तुम्हाला भास झाला असेल."

"मग दाखवा तरी."

"दाखवण्यासारखं काही नाही. आणि आता... यायची गरज नाही तुम्हाला. उगाच लोक बोलतात."

दीड महिना धोंडूबाई बोलत होती तेव्हा याला लोक आठवले नव्हते. शेवंतानं पिशवी उचलली. नीट स्टँडवर गेली. पोलादपूरची गाडी लागलेली होती. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, "चला बाई, येताय ना?" म्हणाला. ती तशीच उभी राहिली. गाडी गेली.

ती परत वाचनालयात आली तेव्हा सदानंद जमिनीवर बसला होता, ते चिठ्ठ्यांचं गाठोडं पुढ्यात घेऊन.

"खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला," ती म्हणाली. "पुस्तक उलटं धरून पुसत होता."

त्यानं गाठोड्याची सुतळी ओढून घट्ट केली. मग बोलला ते तिच्याकडं न बघता.

"पहिली नऊ पत्रं ठीक आहेत. त्यात नऊ शब्द कुठंही जुळत नाहीत, ते मायना-खुशाली सोडून. दहाव्या पत्रापासून... नवं काही नाही. एक वाक्य नाही. प्रत्येक पत्र आधीच्या नऊ पत्रांचे तुकडे जोडून केलंय. तारखा तेवढ्या नव्या. सर्वांत लांब तुकडा एक्केचाळीस शब्दांचा. तो तीनदा आलाय, तिसऱ्यात, अकराव्यात आणि सतराव्यात. बैलाच्या खुराचा."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवली. शेवंता स्टुलावर बसली.

"म्हणजे ते..."

"कागद एवढंच सांगतो, की दीड वर्षात त्या माणसानं नवं काही सांगितलेलं नाही. का, ते कागद सांगत नाही."

"मग माझ्यापासून लपवलंत का?"

"कारण मला बरं वाटलं."

तिला कळलं नाही.

"शेवटचा खण लावून झाला. मी सगळी यादी केली. आणि पहिल्यांदा जे मनात आलं ते... बरं वाटलं, बाई. एक माणूस कदाचित या जगात नाही, आणि मी इथं बसून..." त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. "तुम्ही शनिवारी येता. त्या दिवशी मी सकाळी लवकर येऊन दार उघडतो. मला ते हवं होतं. ज्याला हवं असतं त्याला दिसतं. मी चिठ्ठ्या चुकीच्या वाचल्या असतील. नको तिथं जुळवल्या असतील. म्हणून माझ्या मोजण्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका."

"मग कुणाच्या ठेवू?"

त्यानं गाठोडं तिच्याकडं सरकवलं. "यातला क्रम मी मोडून टाकलाय. सगळ्या पिसल्यात. तुम्ही स्वतः लावा. माझ्याशिवाय."

तिला त्याचा राग आला, आणि त्या रागाच्या खाली दुसरंही काही आलं, ज्याच्याकडं बघायची ती वेळ नव्हती. तिनं गाठोडं उचललं. ते भलतंच जड होतं.

*

दिवाळीच्या सुट्टीत तिनं चिठ्ठ्या लावल्या. घरातल्या जमिनीवर, अक्षराअक्षराचे ढीग करून. आई म्हणाली, लोक फराळ करतात, तू कागद पसरतेस. पाच दिवस लागले. प्रत्येक वेळी दोन शेजारच्या चिठ्ठ्या हातात घेताना ती मनातल्या मनात म्हणायची, नको, जुळू नका. आणि एक शब्द, दोन, पाच, सहा, सात... नऊ. मूळ पत्रं काढायची. बारा. वीस. एक्केचाळीस.

सदानंदची कुठंही चूक झालेली नव्हती.

तिनं मस्कतच्या पत्त्यावर पत्र टाकलं, पण नाव चांगूचं घातलं. फक्त तीन ओळी: हे पत्र दत्तारामना वाचून दाखवू नका. तुम्हीच वाचा. मला सगळं कळलंय, उरलेलं तुम्ही सांगा.

डिसेंबरात उत्तर आलं. तेच अक्षर. पण त्यातलं पहिलंच वाक्य तिला पुढं म्हणता आलं नाही.

"ताई, जयभीम. हे पत्र मी पहिल्यांदाच माझं म्हणून लिहितोय, म्हणून नीट येत नाही. दत्ताराम गेल्या वर्षी एप्रिलच्या अकरा तारखेला गेला. पाण्याच्या टाकीचं काम होतं, परांचीची फळी सरकली. मी खाली होतो. तो काही बोलला नाही. इथंच अग्नी दिला. आम्ही सहा जण होतो.

घरी कळवायचं मुकादमानं माझ्यावर टाकलं. मी दोनदा लिहिलं आणि फाडलं. तिसऱ्यांदा बसलो त्या दिवशी तुमचं पत्र आलं. तुम्ही लिहिलं होतं, बाबा अंथरुणाला लागलेत, दत्तारामचं पत्र आलं की तेवढं उठून बसतात, काहीही होवो पण पत्र चुकवू नका. मग माझ्यानं लिहवलं नाही.

तो सांगे ते मी आधी कच्चं लिहून घेत असे. ते कागद माझ्या ट्रंकेत होते. त्याच्या तोंडी माझं खोटं घालायला हात धजेना. म्हणून तो जे खरंच बोलला होता तेवढंच इकडून तिकडून घेऊन लिहीत राहिलो. वाटलं, असं केलं म्हणजे ते खोटं होत नाही. आता तसं वाटत नाही. गेल्या दिवाळीला बाबांना आलेलं ब्लँकेट मी पाठवलं होतं. बाबांना कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मी त्यांच्या पायाशी येईन, पण सुटी अजून वर्षभर नाही."

शेवंतानं पत्र दोनदा वाचलं. काहीही होवो पण पत्र चुकवू नका. हे वाक्य तिचं होतं. त्या वेळी ते लिहून तिला समाधान वाटलं होतं.

*

तुडीलला जायला ती निघाली तेव्हा सदानंद महाडच्या स्टँडवर उभा होता. तिनं निरोप पाठवला होता. तो काही न विचारता गाडीत मागच्या बाजूला जाऊन बसला, आणि तुडीलला उतरल्यावर रस्त्याच्या कडेच्या आंब्याखाली थांबला.

"आत यायचं नाही?"

"त्यांचं दुःख आहे. मला तिथं जागा नाही," तो म्हणाला. "मी इथं आहे."

रामजीबाबांनी लांबूनच विचारलं, "आला काय गो कागूद?"

ती त्यांच्या पायाशी ओट्याच्या पायरीवर बसली. सांगितलं. आडवळणानं सांगायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात दोन वाक्यांत सांगून झालं.

म्हातारा एवढंच म्हणाला, "कंचा दिस?"

"अकरा एप्रिल. गेल्या वर्षी."

"मंग बैल इकला तवा..."

"तेव्हा ते नव्हते, बाबा."

"आन् मी त्याला शिव्या घातल्या." त्यांनी हात ओट्यावर पालथा टेकवला, जसा कुणी जमीन तापली का बघतो. "मेल्या पोराला शिव्या घातल्या गो मी. बैल इकला कळवून बी खुराचाच इचारतो म्हनून."

तिला रडू फुटलं. ते रडत नव्हते. त्यांना एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला त्यांना धीर होत नव्हता. शेवटी विचारलं.

"ती बोलनी... ती कुनाची? म्हशींचा, डोहाचा... ता त्या चांगूनं बनवला काय?"

"नाही बाबा."

"तुला काय ठाव? अक्षर तर त्याचाच हुता."

"मी एकेक शब्द लावून बघितलाय. पाच दिवस. एकही वाक्य दुसऱ्याचं नाही. सगळं दत्तारामच बोलले होते. चांगूनं फक्त पुन्हा पुन्हा लिहिलं."

"खरा सांगतंस?"

"खरं."

"मंग त्याचाच आवाज हुता," रामजीबाबा म्हणाले. आणि तेव्हा त्यांना रडू आलं, मोठ्यानं, शेजारची दारं उघडली इतकं मोठ्यानं. बायका धावत आल्या. कुणी पाणी आणलं.

दुपार कलली. ती निघताना त्यांनी तिचा हात धरला. "तू आता बांधलेली नायस, पोरी. तुझ्या आयशीला सांग, रामजीनं सांगितलाय म्हनून."

"मी येईन बाबा, शनिवारी."

"कागूद नाय, मंग कशाला?"

"अशीच येईन."

*

सदानंद आंब्याखाली होता तसाच उभा होता. ती आली, आणि दोघं गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. सावित्रीवरून गार वारा येत होता.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, तुम्हाला बरं वाटलं," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. "विसरा ते."

"विसरणार नाही. मी सांगू? शेवटचा ढीग लावून झाला तेव्हा मलाही क्षणभर... तसंच वाटलं. मग मी रात्रभर आईच्या कुशीत जागी होते. तुम्ही एकटे नाही त्यात."

त्यानं तिच्याकडं बघितलं. सरळ, पहिल्यांदाच, डोळ्यांना डोळे देऊन.

"पण ऐका," ती म्हणाली. "ते जाऊन वीस महिने झाले. ते वीस महिने मी नव्या पत्राच्या आनंदात घालवले. केसांत फुलं माळली. तुमच्याशी... हसले. त्यांच्यासाठी मी एक दिवससुद्धा दुःख केलेलं नाही. मी त्यांना फारसं ओळखत नव्हते, तरी ते त्यांचं येणं आहे माझ्याकडं. ते दिल्याशिवाय मला दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकता यायचं नाही."

"हो," तो म्हणाला.

"वीस महिने... थांबाल?"

त्यानं नुसती मान हलवली. मग, मान हलवणं पुरेसं नाही असं वाटून, म्हणाला, "थांबतो."

"या मधल्या काळात मी वाचनालयात येणार नाही."

"नका येऊ."

"पत्रही लिहिणार नाही."

"नका लिहू." मग चाचरत म्हणाला, "रामजीबाबांकडं... मी महिन्यातून एकदा गेलो तर चालेल? त्यांना वाचून दाखवायला काहीतरी घेऊन. तुम्ही नसाल त्या दिवशी."

शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही.

"रविवारी जा," ती म्हणाली. "शनिवार माझा आहे. आणि जरा मोठ्यानं वाचा. त्यांना कमी ऐकू येतं."

वळणावर गाडीचा आवाज आला. ती पुढं होऊन चढली. तो खालीच उभा राहिला. पुढच्या गाडीनं येतो म्हणाला.